यजमानाच्या मर्जीवरची शांतिसेना

दक्षिण सुदानची राजधानी जुबा येथे जुलै २०१६ मध्ये राष्ट्राध्यक्षांचे सैन्य आणि उपराष्ट्राध्यक्षांचे सैन्य यांच्यात चार दिवस लढाई चालली. ११ जुलैच्या दुपारी सरकारी सैन्यातील ऐंशी ते शंभर सैनिक ‘टेरेन’ नावाच्या निवासी संकुलात घुसले. मदत संस्थांचे देशी-परदेशी कर्मचारी तेथे आश्रयाला होते. सैनिकांनी एका स्थानिक पत्रकाराला गोळ्या घालून ठार मारले, स्त्रियांवर सामूहिक बलात्कार केले. मारहाण आणि लूट कित्येक तास चालू होती. आत अडकलेले लोक फोन करत होते, संदेश पाठवत होते. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचा मुख्य तळ जेमतेम एक किलोमीटरवर होता. त्या तळावर चीन, इथिओपिया, भारत आणि नेपाळ या चार देशांचे १,८०० हून अधिक पायदळ सैनिक हजर होते. त्यांतली एकही तुकडी टेरेनपर्यंत पोहोचली नाही.

या सैनिकांकडे बंदुका होत्या, चिलखती गाड्या होत्या. नागरिकांच्या रक्षणासाठी आवश्यक ते सर्व उपाय योजण्याचा अधिकारही सुरक्षा परिषदेने त्यांना लेखी दिलेला होता. तरीही ते गेले का नाहीत? धैर्य कमी पडले, हे उत्तर खोटे नाही, पण अपुरे आहे. शांतिसेना ज्या रीतीने उभी केली जाते, त्या रीतीतच या प्रश्नाचे बरेचसे उत्तर दडलेले आहे.

## नेमले एका कामासाठी, आले दुसरेच

शांतिसेनेची कल्पना १९४८ मध्ये पश्चिम आशियात निरीक्षक धाडण्यापासून सुरू झाली आणि १९५६ च्या सुएझ संघर्षानंतर तिला सशस्त्र रूप आले. दोन देश लढून थकले, युद्धबंदी झाली, की मधल्या पट्ट्यात तिऱ्हाइतांचे सैनिक उभे राहत. त्यातून तीन तत्त्वे रुजली. ज्या देशात जायचे त्याची संमती हवी. कोणाचीही बाजू घ्यायची नाही. आणि स्वसंरक्षण किंवा सोपवलेली कामगिरी पार पाडणे यांखेरीज बळ वापरायचे नाही. दोन्ही बाजूंना युद्धबंदी हवी असेल तोवर ही तत्त्वे चोख काम करतात. एकाच देशात शेजारी शेजाऱ्यावर उठतो तेव्हा मात्र ती एकमेकांच्या आड येऊ लागतात. माजी युगोस्लाव्हियात १९९२ साली आलेल्या शांतिसेनेला हाच अनुभव आला.

दक्षिण सुदानची सुरुवात आशेने झाली होती. जानेवारी २०११ च्या सार्वमतात जवळजवळ ९९ टक्के लोकांनी सुदानपासून वेगळे होण्याच्या बाजूने कौल दिला आणि ९ जुलैला नवे राष्ट्र जन्मले. त्याच्या आदल्याच दिवशी सुरक्षा परिषदेने शांतिसेनेचा ठराव केला. ही मोहीम ‘अनमिस’ या संक्षिप्त नावाने ओळखली जाते. सात हजारांपर्यंत सैनिक मंजूर झाले. नव्या सरकारला राज्यकारभार उभा करायला मदत करणे, पोलीस घडवणे, कायद्याचे राज्य रुजवणे ही तिची मुख्य कामे होती. सरकार हे तिचे भागीदार होते.

१५ डिसेंबर २०१३ च्या रात्री जुबाच्या लष्करी छावणीत गोळीबार झाला. राष्ट्राध्यक्ष साल्वा कीर हे डिंका समाजाचे, तर त्यांनी काही महिन्यांपूर्वी पदावरून दूर केलेले उपराष्ट्राध्यक्ष रिएक माशार हे नुएर समाजाचे. सैन्य फुटले. जुबात नुएर वस्त्यांमध्ये घरोघरी शिरून माणसे मारली गेली, तर इतर शहरांत डिंकांवर सूड उगवला गेला. काल जे सरकार भागीदार होते, त्याचेच सैनिक आता नागरिकांना मारणाऱ्यांपैकी एक झाले. शांतिसेना मात्र त्याच सरकारच्या संमतीने देशात राहत होती.

## फाटके उघडली तेव्हा

त्या रात्रीपासून जुबातील तळांच्या फाटकांशी माणसे जमू लागली. फाटके उघडण्याचा निर्णय झाला. काही दिवसांत देशभरच्या तळांवर हजारोंनी लोक आले आणि पुढे हा आकडा दोन लाखांवर गेला. या जागांना ‘नागरिक संरक्षण स्थळे’ असे नाव पडले. संयुक्त राष्ट्रांच्या इतिहासात एवढ्या प्रमाणावर असे कधी झालेले नव्हते. ही फाटके उघडली नसती, तर त्या लाखोंपैकी किती जण जिवंत राहिले असते याचा विचारही थरकाप उडवतो. शांतिसेनेवर टीका करताना हे विसरता कामा नये.

पण तळ हा तळ असतो; तो गाव म्हणून बांधलेला नसतो. थोड्या दिवसांची सोय म्हणून उघडलेल्या जागेत लोक वर्षानुवर्षे राहिले. त्यांना पाणी, शौचालये, शाळा, दवाखाने लागले. आत भांडणे झाली, चोऱ्या झाल्या, टोळ्या तयार झाल्या. शांतिसेनेला त्या देशात न्यायनिवाडा करण्याचा अधिकार नाही. गुन्हेगाराला स्थानिक पोलिसांच्या हवाली करावे, तर तो वेगळ्या समाजाचा म्हणून त्याचा जीव जाईल ही भीती. तेव्हा तात्पुरत्या कोठड्यांपासून समाजाच्या वडीलधाऱ्यांच्या निवाड्यापर्यंत अनेक वाटा शोधाव्या लागल्या.

लष्करी दृष्टीने याची किंमत मोठी होती. सैनिकांचा मोठा भाग या स्थळांच्या राखणीत अडकला. मे २०१४ मध्ये सुरक्षा परिषदेने कामगिरीच बदलली. राज्यउभारणी वगळली आणि नागरिकांचे रक्षण, मानवी हक्कांवर नजर, मदतीला वाट करून देणे व युद्धबंदीच्या देखरेखीला साहाय्य एवढेच ठेवले. मंजूर सैनिकसंख्या त्याआधीच साडेबारा हजार झाली होती. पण कुंपणाच्या आत दोन लाख असताना बाहेर काही लाख विस्थापित दलदलीत आणि रानात लपलेले होते. त्यांच्याकडे जायला सैनिक उरत नव्हते.

कुंपणापासून हाकेच्या अंतरावर काय घडत होते, ते सरपणाच्या उदाहरणावरून दिसते. मदत संस्था ज्वारी देत, पण ती शिजवायला लाकूड लागे. पुरुष बाहेर पडला तर मारला जाण्याची भीती, म्हणून बायका जात. वाटेत सैनिकांच्या चौक्या असत. जुलै २०१६ नंतर जुबात धान्य-सरपण आणायला गेलेल्या स्त्रियांवर तळाजवळच बलात्कार झाल्याच्या अनेक घटना उजेडात आल्या. मग ठरलेल्या वेळी सरपणाला निघणाऱ्या बायकांबरोबर गस्त पाठवण्याची पद्धत सुरू झाली. उपाय अगदी साधा होता, तरी तो सुचायला आणि अमलात यायला किती उशीर लागला!

## संमतीचा पेच

दोन भावांच्या बांधाच्या वादात गावाने एक राखणदार नेमला, पण शेतावर जायची वाट, विहिरीचे पाणी आणि राखणदाराचे जेवण थोरल्या भावाच्या हाती राहिले, तर तो राखणदार थोरल्याला कितपत अडवू शकेल? ‘अनमिस’ची अवस्था याहून फार वेगळी नव्हती. २०११ साली सरकारशी झालेल्या करारानुसार शांतिसेनेला देशात कोठेही विनापरवाना फिरण्याची मोकळीक आहे. प्रत्यक्षात डिझेलचे टँकर, अन्नाचे कंटेनर, सैनिकांचे व्हिसा, विमानतळ, नदीवरचे बार्ज या सगळ्याला सरकारी हात लागतो.

हेलिकॉप्टरचे उदाहरण घेऊ. दूरच्या गावात कत्तल झाल्याची बातमी आली, तर तेथे पोहोचायला बहुतेक वेळा हवाई मार्गच असतो. उड्डाणापूर्वी सरकारी सैन्याकडून, आणि तो भाग बंडखोरांच्या ताब्यात असेल तर त्यांच्याकडूनही, ‘विमानावर गोळीबार होणार नाही’ अशी हमी घेतली जाते. करारानुसार ही परवानगी नाही, पण हमी मिळाली नाही तर उड्डाण होत नाही. म्हणजे जिथे सरकारी सैन्यानेच हल्ला केला असेल, तिथे पोहोचण्याचा दिवस तेच सैन्य ठरवू शकते. ही सावधगिरी पोकळ नाही. डिसेंबर २०१२ मध्ये सरकारी सैन्याने जोंगलेई प्रांतात संयुक्त राष्ट्रांचे हेलिकॉप्टर पाडले आणि चार रशियन कर्मचारी मृत्युमुखी पडले. ऑगस्ट २०१४ मध्ये बेंतियू शहराजवळ आणखी एक हेलिकॉप्टर पाडले गेले आणि तीन जण दगावले.

जमिनीवरही असेच. चौकीवर गाड्या अडवायच्या, ‘वरून आदेश नाही’ म्हणायचे, तास घालवायचे आणि गस्त परत पाठवायची. बळजबरीने पुढे जावे तर यजमान सरकारशी युद्ध पुकारल्यासारखे होते. परत फिरावे तर पुढच्या खेपेला चौकी आणखी निर्ढावते. जुबातील लढाईत शांतिसेनेच्या तळाजवळच सरकारी रणगाडे उभे होते आणि दोन चिनी शांतिसैनिक मारले गेले होते. टेरेनकडे निघणाऱ्या तुकडीला सरकारी सैन्यातूनच वाट काढावी लागणार होती.

अविश्वासाला कधी शांतिसेनेच्या चुकीनेही खतपाणी मिळाले. मार्च २०१४ मध्ये घानाच्या तुकडीची शस्त्रे रस्त्याने पाठवली गेली. कंटेनरवर मात्र बांधकाम साहित्य असे लिहिलेले होते. रुंबेक येथे ते उघडले गेले आणि संयुक्त राष्ट्रे बंडखोरांना शस्त्रे पुरवतात अशी ओरड झाली, मोर्चे निघाले. संयुक्त राष्ट्रांनी चूक कबूल केली, पण त्या एका चिठ्ठीने नंतरच्या प्रत्येक तपासणीला सबब मिळवून दिली.

## चौकट : शांतिसेना उभी कशी राहते?

संयुक्त राष्ट्रांकडे स्वतःचे सैन्य नाही. सुरक्षा परिषदेच्या १५ सदस्यांपैकी किमान ९ जणांनी होकार दिला आणि पाच कायम सदस्यांपैकी कोणी नकाराधिकार वापरला नाही, की कामगिरीचा ठराव होतो. या कामगिरीला ‘मँडेट’ म्हणतात. पैसे आमसभा मंजूर करते. वर्गणी सर्व देशांवर ऐपतीप्रमाणे लावली जाते आणि तिचा सर्वांत मोठा वाटा अमेरिका व चीन यांचा असतो. सैनिक मात्र बव्हंशी भारत, नेपाळ, बांगलादेश, रवांडा, इथिओपिया यांसारखे देश देतात. संयुक्त राष्ट्रे त्या देशाला दर सैनिकामागे महिन्याला १,४०० डॉलरपेक्षा थोडी अधिक रक्कम देतात. गाड्या, शस्त्रे, तंबू बहुधा सैन्य पाठवणारा देशच आणतो आणि त्याचे भाडे घेतो. वर्गण्या थकल्या की ही देणीही थकतात.

## एक सेनापती, अनेक राजधान्या

ठराव करणारे एक, पैसे देणारे दुसरे आणि जीव धोक्यात घालणारे तिसरे, अशी ही रचना आहे. मोहिमेच्या सेनापतीने हुकूम दिला तरी प्रत्येक तुकडीचा अधिकारी आपल्या देशाच्या राजधानीकडेही पाहत असतो. काही देश सैनिक पाठवतानाच अटी घालतात: अमुक भागाबाहेर जाणार नाही, रात्री गस्त घालणार नाही. या अटी कधी लेखी असतात, कधी ऐन प्रसंगीच कळतात. शवपेट्या मायदेशी गेल्या तर तेथील संसदेत प्रश्न विचारले जातात. परक्या देशातील गावकरी वाचले नाहीत म्हणून सहसा कोणी जाब विचारत नाही.

मलाकलमध्ये याचे परिणाम दिसले. पांढऱ्या नाईलच्या काठचे हे शहर लढाईत अनेकदा एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे गेले होते. तेथील संरक्षण स्थळी शिल्लुक, नुएर आणि डिंका समाजांचे सुमारे ४७ हजार लोक राहत होते. सरकारने ऑक्टोबर २०१५ मध्ये प्रांतांच्या सीमा नव्याने आखल्यापासून कोणाची जमीन कोणाकडे जाणार यावरून वातावरण तापले होते. १७ फेब्रुवारी २०१६ च्या रात्री आतल्या गटांत चकमक उडाली. दुसऱ्या दिवशी सकाळी कुंपण तोडून सरकारी गणवेशातील सशस्त्र माणसे आत शिरली आणि झोपड्यांना आगी लावत सुटली. किमान ३० जण मारले गेले, १२० हून अधिक जखमी झाले, वस्तीचा सुमारे तिसरा हिस्सा जळाला. शांतिसैनिकांनी हल्लेखोरांना हुसकावून लावले, पण तोवर फार उशीर झाला होता. संयुक्त राष्ट्रांच्याच चौकशीत काही सैनिकांनी पहारा सोडल्याचे आणि काहींनी लढण्यास नकार दिल्याचे आढळले. समोर वस्ती जळत असताना गोळी चालवण्यासाठी लेखी आदेश मागितला गेल्याचेही पुढे आले. तो अधिकार सर्वांना आधीपासूनच होता.

संयुक्त राष्ट्रांच्या अंतर्गत तपासणी विभागाने २०१४ मध्ये दिलेला अहवाल पाहिला, तर मलाकल हा अपवाद वाटत नाही. निरनिराळ्या मोहिमांच्या क्षेत्रांत २०१० ते २०१३ या काळात नागरिकांवर झालेल्या ५०७ हल्ल्यांपैकी सुमारे ८० टक्के प्रसंगी शांतिसेनेने काही प्रत्युत्तर दिल्याची नोंदच नव्हती.

जबाबदारी निश्चित करणेही सोपे नसते. जुबातील घटनांची चौकशी नेदरलँड्सचे निवृत्त मेजर जनरल पॅट्रिक कामार्ट यांनी केली. हुकूम परस्परविरोधी होते, चार देशांच्या तुकड्या एका हाताखाली चाललेल्या नव्हत्या आणि नेतृत्व गोंधळलेले होते, असा त्यांचा निष्कर्ष होता. नोव्हेंबर २०१६ मध्ये मोहिमेच्या केनियन सेनापतींना पदावरून दूर केले गेले. एकट्या आपल्या अधिकाऱ्याला बळीचा बकरा केले, या रागाने केनियाने सैन्य मागे घेत असल्याचे जाहीर केले. सैनिक देणारे देश आधीच थोडे. त्यांतल्या एकाला जाब विचारला की तोही निघून जातो.

भारतीय सैनिकांचा अनुभव दोन्ही तऱ्हेचा आहे. जुबाच्या तळावरील त्या चार तुकड्यांत भारताचीही एक होती, हे सांगितलेच पाहिजे. पण ९ एप्रिल २०१३ रोजी जोंगलेईत संयुक्त राष्ट्रांच्या ताफ्यावर दबा धरून हल्ला झाला, त्याचे रक्षण करताना पाच भारतीय सैनिक धारातीर्थी पडले. त्याच वर्षी १९ डिसेंबरला अकोबो येथील लहानशा ठाण्यावर सुमारे दोन हजार सशस्त्र नुएर तरुण चालून आले. ठाण्यात ४३ भारतीय सैनिक होते आणि त्यांच्या आश्रयाला काही डिंका नागरिक आले होते. दोन भारतीय सैनिक आणि आश्रितांपैकी अनेक जण मारले गेले. दोन हजारांसमोर ४३ म्हणजे धैर्याच्या जोडीला संख्या आणि मदतीचा वेग किती लागतो याचे गणित आहे. कुमक यायची तर हेलिकॉप्टरनेच.

## चिखल आणि अंतर

दक्षिण सुदानचे क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या साधारण दुप्पट. शहराबाहेरचा पहिला डांबरी महामार्ग २०१२ मध्ये पुरा झाला. जुबापासून युगांडाच्या सरहद्दीवरील निमुलेपर्यंतचा तो रस्ता सुमारे १९० किलोमीटरचा आहे. बाकी रस्ते बहुतेक मातीचे. साधारण मे ते ऑक्टोबर पाऊस पडतो आणि काळी चिकण माती ट्रकची चाके धरून ठेवते. शेकडो गावे मग फक्त हवेतून किंवा होडीने गाठता येतात. उन्हाळ्यात शांतिसेनेचे अभियंते, त्यांत भारतीयही आले, मुरूम टाकून रस्ते दुरुस्त करतात; पुढच्या पावसात त्यातले बरेचसे वाहून जाते. २०२१ पासून बेंतियूभोवती पुराचे पाणी वर्षानुवर्षे ओसरलेच नाही. विस्थापितांची वस्ती, तळ आणि धावपट्टी मातीच्या बांधांनी वाचवावी लागली. ते बांध रात्रंदिवस राखण्यात सैनिकांचे बळ खर्ची पडले.

रस्ता झाला की गस्त जाते, बाजार भरतो आणि दोन गावे पुन्हा बोलू लागतात. म्हणून अभियंत्यांच्या कामाचे मोल बंदुकीपेक्षा कमी नाही. गुरांच्या दवाखान्याचेही तसेच. येथे गाय ही संपत्ती आहे. लग्नात वराकडून वधूच्या घरी गुरे जातात, खुनाचा दंडही गुरांत भरला जातो. त्यामुळे गुरे पळवणे हे जुने भांडण आहे, फक्त आता त्यात भाल्याऐवजी कलाश्निकोव्ह आली आहे. मलाकल भागात भारतीय पशुवैद्यक गुरांवर उपचार करतात. बैल-शेळ्या घेऊन आलेला गुराखी बोलता बोलता कोठे टोळ्या जमत आहेत तेही सांगतो. अशी खबर उपग्रहाकडून मिळत नाही.

## राखायला शांतता आहे कुठे?

शांतिसेना शांतता राखू शकते, ती निर्माण करू शकत नाही. माशार यांना पुन्हा उपराष्ट्राध्यक्षपदी आणणारा ऑगस्ट २०१५ चा शांतता करार जुबातील लढाईने मोडला. सप्टेंबर २०१८ मध्ये कीर आणि माशार यांनी पुन्हा सह्या केल्या आणि मोठी लढाई थांबली. पण दोन्ही सैन्ये एकत्र करणे, निवडणुका घेणे या मुदती वारंवार पुढे ढकलल्या गेल्या आणि खेड्यापाड्यांतली हिंसा चालूच राहिली. दोन्ही नेत्यांना करारापेक्षा आपापली सैन्ये अधिक भरवशाची वाटली, हे त्यामागचे मूळ कारण होय.

सुरक्षा परिषदही एकमुखी नव्हती. शस्त्रबंदीचा ठराव डिसेंबर २०१६ मध्ये मांडला गेला, तेव्हा बाजूने सातच मते पडली, आठ सदस्य तटस्थ राहिले आणि ठराव बारगळला. अखेर जुलै २०१८ मध्ये शस्त्रबंदी आली, तीही नेमक्या नऊ मतांनी. मधली सारी वर्षे एकीकडे नागरिकांच्या रक्षणाला सैनिक पाठवले जात होते आणि दुसरीकडे त्यांना मारणाऱ्यांना शस्त्रे विकत घेण्याची मुभा होती. या मोहिमेच्या सगळ्या उणिवांत ही सर्वांत अक्षम्य म्हणावी लागेल.

२०२५ मध्ये परिस्थिती पुन्हा चिघळली. मार्चमध्ये नासिर येथे सशस्त्र तरुणांनी सरकारी छावणी काबीज केली. तेथील जखमी सैनिकांना बाहेर काढायला गेलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या हेलिकॉप्टरवर ७ मार्चला गोळीबार झाला. एक कर्मचारी आणि सरकारी सैन्याचा एक जनरल मारला गेला. त्याच महिन्यात माशार यांना घरात स्थानबद्ध केले गेले.

नेमक्या याच वेळी तिजोरी आटली. मोठ्या वर्गणीदारांकडून पैसे न आल्याने ऑक्टोबर २०२५ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी जगभरच्या मोहिमांतील सैनिक व पोलिसांची संख्या सुमारे एक चतुर्थांश कमी करण्याचे जाहीर केले. दक्षिण सुदानची मोहीमही त्यात आली. कपातीचा पहिला फटका हेलिकॉप्टरच्या उड्डाणतासांना आणि दूरच्या ठाण्यांना बसतो, कारण खर्च तेथेच जास्त. कुंपणातल्या तळावरचा पहारा त्या मानाने स्वस्त पडतो.